ब्रेमेनहून येणारं पार्सल

पत्र:

माझं वय ६१. आम्ही पुण्याचे. वडील जहाजबांधणी शिकायला ब्रेमेनला गेले आणि १९६१ मध्ये लग्न करून आईला घेऊन आले. आई इथे पुरती रुळली. मराठी बोलायची, पुरण घालायची, चैत्रातलं हळदीकुंकू करायची. तिकडचा विषय घरात निघायचा तो वर्षातून एकदाच, ओमाचं, म्हणजे तिच्या आईचं, पार्सल यायचं तेव्हा. त्यात पत्र्याचा पेटीसारखा डबा असायचा. आत मसाल्याच्या वासाचे गोल केक, कोकोत घोळवलेल्या बदामाच्या बारीक गोळ्या, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या पेपरमिंटच्या कांड्या, वर पांढरट थर आलेलं चॉकलेट, आणि आईशिवाय कुणालाही न आवडणाऱ्या काळ्या खारट गोळ्या. आई प्रत्येक केकचे सुरीने चार तुकडे करायची आणि वाड्यातल्या प्रत्येक मुलाला चतकोर द्यायची. १९८४ मध्ये ओमा गेली आणि पार्सलं थांबली. आई त्यावर कधी काही बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

माझा मुलगा चाकणला जर्मन कंपनीत आहे. गेल्या डिसेंबरात कामासाठी तिकडे गेला आणि हे सगळं हौसेने घेऊन आला. सुनेने ताटात छान मांडलं. मी घास घेतला आणि काहीच झालं नाही. चांगलं होतं, पण 'ते' नव्हतं. मला रडू फुटलं, मी आत निघून गेले. मुलगा दुखावलाय, विषयच काढत नाही. भाऊ म्हणतो, 'नाद सोड, जिभेलाही वय होतं.' केकमध्ये हिरवे, काचेसारखे तुकडे असायचे ते मला पक्के आठवतात. तो म्हणतो, तो पेठा होता. चुलत बहीण तर तोंडावर म्हणाली, 'तुमचे पहिल्यापासून इम्पोर्टेडचे लाड.' ती चव परत मिळेल का? की खरंच नाद सोडू?

उत्तर:

प्रिय ताई,

चवीचं पुढे बोलू. आधी मुलाशी बोला, आणि शक्यतो आजच बोला. त्याने काय केलं ते बघा. कामाच्या धावपळीतून वेळ काढला, परक्या गावात दुकानं शोधली, आणि आजीच्या डब्यात काय काय असायचं हे तुमच्या तोंडून जे लहानपणापासून ऐकलं होतं ते एकेक आठवून बॅग भरली. विमानात किती वजन नेता येतं हे ठाऊक असणारा माणूस असल्या गोष्टींना जागा देतो तेव्हा त्याने स्वतःचं काहीतरी मागे ठेवलेलं असतं. तुम्ही आत निघून गेलात तेव्हा 'मी चुकीचं आणलं' एवढंच त्याला कळलं असणार. त्याला सांगा की आणलंस ते बरोबर होतं, मला आई आठवली. एवढं पुरे आहे. समजावत बसू नका. आणि डब्यात काही उरलं असेल तर ते फेकू नका. का, ते पुढे सांगते.

आता चव. भावाचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. तुमच्या जिभेचा काही दोष नाही. मुलाने आणलेली वस्तू आणि तुम्ही खाल्लेली वस्तू खरोखरच वेगळ्या होत्या. नाव तेच, कारखानाही कदाचित तोच, पण वस्तू वेगळी.

ते मसाल्याचे गोल केक म्हणजे लेबकुखन. यासाठी सगळ्यात प्रसिद्ध गाव न्यूरेंबर्ग, दक्षिणेकडचं. तिथे लेबकुखन करणाऱ्या कारागिराची पहिली लेखी नोंद १३९५ सालची आहे. न्यूरेंबर्ग मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरचं श्रीमंत शहर, आणि भोवतालच्या जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांची वस्ती. मध आणि मसाला एका गावात भेटले, म्हणून ते तिथे बहरलं. दालचिनी, लवंग, वेलदोडा, धने, सुंठ, जायफळ, जायपत्री, बडीशेपेच्या जातीचं बी. आपल्या मिसळणाच्या डब्यातलं निम्मं सामान त्यात आहे. वेलदोडा आणि सुंठ तर केरळच्या किनाऱ्यावरूनच युरोपात जायची. त्यातला उंची प्रकार 'एलिझेन' नावाने विकला जातो आणि त्याची अट ठरलेली आहे: बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून किमान २५ टक्के, आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे तो केक कमी आणि सुक्या मेव्याची वडी जास्त. स्वस्तातल्या पाकिटात हे प्रमाण उलटं असतं, नुसतं पीठ आणि साखर. मुलाने कुठला आणला ते पाकिटावर वाचा. कदाचित अर्धा उलगडा तिथेच होईल.

पण उरलेला अर्धा जास्त महत्त्वाचा आहे. लेबकुखन हा मुरणारा पदार्थ आहे. भट्टीतून काढलेला लेबकुखन आणि डब्यात काही आठवडे राहिलेला लेबकुखन यांची चव एक नसते. मसाले सुरुवातीला सुटे सुटे लागतात, लवंग वेगळी, दालचिनी वेगळी. मग पाकवलेल्या सालींतला ओलावा हळूहळू सगळीकडे पसरतो आणि मसाला एकजीव होतो. तुमचं पार्सल तर बोटीने यायचं. ब्रेमेनहून निघालं, समुद्र ओलांडला, मुंबईच्या कस्टममध्ये पडून राहिलं, मग पुण्याला आलं. ओमा ते दोन-तीन महिने आधीच टाकायला लावत असणार. तुम्ही जन्मात ताजा लेबकुखन खाल्लेला नाही. तुम्हाला ठाऊक आहे तो प्रवासात मुरलेला, जरा चिवट झालेला, गडद वासाचा लेबकुखन.

चॉकलेटवरच्या पांढऱ्या थराचंही तेच. ती बुरशी नव्हे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. मुंबईच्या गोदीतल्या उन्हात ते वितळलं आणि रात्री पुन्हा गोठलं, की चरबी वर येऊन पांढरी साय धरते. खायला ते सुरक्षित असतं, फक्त तोंडात विरघळायच्या ऐवजी थोडं भुसभुशीत लागतं. तुम्हा मुलांना चॉकलेट म्हणजे असंच असतं असं वाटलं असेल, आणि मुलाने आणलेलं चकचकीत, कडकन मोडणारं चॉकलेट म्हणूनच परकं वाटलं.

शिवाय बंद डबा. पेपरमिंट, मसाला, बदाम, खारट गोळ्या, कधी कॉफीचं पाकीट, कधी साबणाची वडी, सगळं एका खोक्यात दोन महिने. चरबी आणि बदाम शेजारचा वास ओढून घेतात. तुमच्या डोक्यात बसलेली चव एका पदार्थाची नाहीच, ती अख्ख्या पार्सलची आहे. दुकानात प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये हवाबंद मिळते, तिला ती चव कुठून येणार?

म्हणून म्हटलं, उरलेलं फेकू नका. सगळी पाकिटं फोडा, आईचा तो डबा असेल तर त्यात, नाहीतर कुठल्याही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एकत्र भरा आणि महिनाभर उघडू नका. लेबकुखन फार कडक झाला असेल तर सफरचंदाची एक फोड बरोबर ठेवा, दोन दिवसांनी ती काढून टाका म्हणजे बुरशी धरणार नाही.

हिरव्या तुकड्यांचा वाद मिटवते. तुम्ही बरोबर आहात, ते होते. आणि भावालाही पेठा वाटला यात नवल नाही, कारण साखरेत शिजवून पारदर्शक केलेलं ते तसंच दिसतं आणि दाताखाली बरंचसं तसंच लागतं. पण तो कोहळा नव्हे. ते महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे, तेच. जाड, खडबडीत सालीचं, आत गर नावालाच. युरोपात त्याची साल मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग पाकात शिजवतात आणि चौकोनी तुकडे करून केकात घालतात. जर्मनीत ते पिकत नाही, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून येतं. तुमच्या ओमाच्या केकात आणि आपल्या देवीच्या हातात एकच फळ असावं हे मला फार आवडलं.

बाकीच्यांची ओळख पटकन करून देते. कोकोत घोळवलेल्या बारीक गोळ्या म्हणजे मार्झिपानचे 'बटाटे'. बदाम आणि साखर, दुसरं जवळजवळ काही नाही. मार्झिपानचं मोठं माहेर ब्रेमेनहून फार लांब नसलेलं ल्युबेक. हल्ली काही स्वस्त पाकिटांत बदामाऐवजी जर्दाळूच्या बियांतला गर वापरतात, त्याला 'पर्झिपान' म्हणतात, तो जरा कडसर असतो. तेव्हा इथेही पाकीट वाचा. अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कांड्या मात्र शंभर टक्के ब्रेमेनच्या, 'क्लुटन' नावाच्या: पेपरमिंटची वडी अर्धी काळ्या चॉकलेटमध्ये बुडवलेली. त्या बाहेरगावी सहज मिळत नाहीत. मुलगा ब्रेमेनला न जाता दुसऱ्या शहरात गेला असेल तर त्याला त्या मिळाल्याच नसतील, आणि तुमच्या ताटात तीच जागा रिकामी राहिली असेल.

आता चुलत बहिणीकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात दुखरं वाक्य तिचं आहे.

'इम्पोर्टेड' या शब्दाला त्या काळात जी धार होती ती आजच्या मुलांना कळणार नाही. आपल्याकडे साखर रेशनवर होती. मुलांचं गोड म्हणजे रावळगावच्या गोळ्या, चिक्की, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. परदेशी खाऊ बाजारात कायदेशीर मिळतच नव्हता. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची शेवटची परिमाणात्मक बंधनं, म्हणजे किती माल आणायचा यावरच्या मर्यादा, उठली १ एप्रिल २००१ ला. म्हणजे तुमच्या बालपणी असला डबा कुणाचा तरी काका विमानात काम करत असेल तर, किंवा कुणाची आजी परदेशात असेल तरच यायचा. तुम्हाला तो आजीचा डबा होता. तिला तो शेजारच्या खोलीत उघडणारा, आपल्याला चतकोर तुकडा मिळणारा डबा होता. ती बोलली ते वाईट बोलली, पण त्यामागे एक लहान मुलगी आहे जिला आणखी एक तुकडा हवा होता आणि मागता आला नाही. तिच्याशी वाद घालू नका. तिला विचारा, 'तुला कुठला आवडायचा?' त्या वाड्यातली जी मुलं आज आहेत त्यांच्यात त्या चवीची साक्ष देऊ शकणारी तुमच्या भावाव्यतिरिक्त तीच असेल.

पण 'लाड' हा आरोप मला तसाच सोडायचा नाही, कारण तो तुमच्या ओमावर अन्याय करतो.

तुमच्या आईचं लग्न १९६१ मध्ये झालं, म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ती शाळकरी मुलगी असणार. ब्रेमेन हे बंदर आणि जहाजबांधणीचं शहर, म्हणून बॉम्बहल्ल्यांचं मोठं लक्ष्य. शहराचा मोठा भाग पडला होता. युद्धानंतर जर्मनीतलं अन्न रेशनवर होतं आणि ते रेशनही पुरेसं मिळत नव्हतं. १९४६-४७ चा हिवाळा तर तिथे 'भुकेचा हिवाळा' म्हणूनच ओळखला जातो. कोळसा नाही, बटाटा नाही, नद्या गोठलेल्या. ब्रेमेन आणि त्याचं बंदर ब्रेमरहाफेन अमेरिकन ताब्यात होतं, आणि 'केअर' या अमेरिकन मदतसंस्थेची जर्मनीसाठीची पहिली पार्सलं ऑगस्ट १९४६ मध्ये ब्रेमरहाफेनलाच उतरली. पुढे लाखो पार्सलं आली. खोक्यांत मांसाचे डबे, चरबी, दुधाची पावडर, कॉफी, मनुका, साखर, चॉकलेट. पश्चिम जर्मनीत साखरेवरचं रेशन उठायला १९५० उजाडलं.

ब्रेमेनमध्ये ती वर्षं काढलेल्या बाईला पार्सल या वस्तूचा अर्थ वेगळा कळतो. समुद्रापलीकडून कुणीतरी खोकं पाठवतं, त्यात साखर असते आणि घरातल्या मुलांचा महिना निभतो, हे तिच्या शहराने पाहिलेलं होतं. मग मुलगी लग्न करून समुद्रापलीकडे गेली, त्या देशात साखर रेशनवर आहे असं पत्रातून कळलं, तर ती बाई काय करेल? खोकं भरेल. दरवर्षी भरेल. आणि ते खोकं उघडणारी मुलगी केक सुरीने चार भागांत कापेल आणि दारात उभ्या असलेल्या एकाही मुलाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही. यात लाड कुठेही नाही. आपल्याकडे आश्विनात चकल्या-कडबोळी-अनारशांचे डबे अमेरिकेला आणि आखातात जातात, पाठवणारी आई चार किलोच्या फराळाला फराळापेक्षा जास्त कुरिअरखर्च देते, आणि तिला कुणी 'लाड' म्हणत नाही. हे तेच आहे, फक्त उलट्या दिशेचं.

तुमच्या आईने पार्सलं थांबल्यावर काही म्हटलं नाही, याने तुम्ही अजून अस्वस्थ आहात हे मला ओळींमधून दिसतं. त्या पिढीच्या जर्मन माणसांना युद्धाविषयी आणि भुकेविषयी मुलांशी बोलणं जमलं नाही, घराघरांत हीच गोष्ट आहे. आणि १९८४ मध्ये तिने आई गमावली होती, खाऊ नव्हे. तुम्हाला खरंच काही मिळवायचं असेल तर ते इथे आहे. ब्रेमेनमध्ये मामेभावंडं असतील तर त्यांना लिहा. पदार्थाचं निमित्त करून लिहा, म्हणजे उत्तर येतं: ओमा लेबकुखन विकत घ्यायची की घरी करायची? डबा कुठल्या महिन्यात भरायची? ४६-४७ च्या हिवाळ्यात घरात कोण कोण होतं? मुलगा कामानिमित्त जातोच, त्याला पुढच्या वेळी एक दिवस ब्रेमेनला काढायला सांगा. औंधच्या ब्रेमेन चौकातून तो रोज जात असेल. मूळ गावही बघून येईल, आणि क्लुटन आणील.

आणि यंदा तुम्ही घरी करा. नाद सोडू नका. एलिझेन लेबकुखन पुण्याच्या स्वयंपाकघरात उत्तम होतो, अवघड काही नाही, फक्त वेळ लागतो. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागा, म्हणजे ६ डिसेंबरला, संत निकोलाउसच्या दिवशी, डबा उघडता येईल. जर्मन मुलं आदल्या रात्री दाराशी बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ शोधतात. नातवंडं असतील तर त्यांना हे सांगाच.

महाळुंग मंडईत रोज दिसत नाही, भाजीवालीला आधी सांगून ठेवावं लागतं. चिरून आतला आंबट गर काढून टाका, पांढरी जाड साल तेवढी ठेवा. दोन दिवस मिठाच्या पाण्यात, मग पाणी बदलून दोनदा उकळा म्हणजे कडूपणा जाईल, मग साखरेच्या पाकात रोज थोडं थोडं शिजवत चार-पाच दिवसांत पारदर्शक करा. आपला मुरंबा करणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखं काही नाही. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार तेव्हा बाजारात असतो, त्याच्या सालीही अशाच पाकवून घ्या. ती साल पातळ असते, लवकर होते. महाळुंग नाहीच मिळालं तर सगळी संत्र्याची साल चालेल, पण टुटीफ्रुटी घालू नका. ती पपई असते, तिला ना वास ना कडसरपणा, आणि लेबकुखनला तो कडसर कड हवाच.

४ अंडी आणि २०० ग्रॅम साखर फेसाळ, पांढरट होईपर्यंत घोटा. २०० ग्रॅम बदाम सालासकट आणि २०० ग्रॅम अक्रोड किंवा हेझलनट मिक्सरवर थांबून थांबून भरड दळा. एकसारखं फिरवलंत तर तेल सुटेल. पाकवलेल्या साली दोन्ही मिळून २०० ग्रॅम, अगदी बारीक चिरून. दालचिनी दोन चमचे, लवंग, वेलदोडा, धने, सुंठ, जायफळ, जायपत्री प्रत्येकी चिमूट-दोन चिमूट, सगळं ताजं कुटलेलं. मीठ चिमूटभर. कालवा, झाका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तिकडे हे मिश्रण पातळ पांढऱ्या पापडीवर थापतात, चर्चमध्ये प्रसादाला असते तशी. इथे बेकिंगच्या कागदावर गोल थापलं तरी होतं. १६० अंशांवर २०-२५ मिनिटं. आत मऊच राहिलं पाहिजे, दाबून कडक लागला तर तो जास्त भाजला. गार झाल्यावर अर्ध्यांवर काळं चॉकलेट, अर्ध्यांवर साखरेचा पातळ लेप. मग डब्यात, आणि किमान दहा दिवस हात लावायचा नाही. डब्यात दोन-चार पेपरमिंटच्या वड्याही टाका. कुठल्याही जर्मन पाककृतीत हे लिहिलेलं नाही, पण तुमच्या पार्सलमध्ये ते होतं.

सालींचं काम भावाला द्या. पेठ्याच्या वादाचा निकाल त्याने स्वतःच्या हाताने लावलेला बरा. सुनेलाही बोलवा, ताट तिने मांडलं होतं, ती या सगळ्यात विनाकारण बाहेर राहिलीय.

मार्झिपान त्याहून सोपं. सोललेले बदाम, पिठीसाखर, गुलाबपाण्याचे थेंब, एवढंच कुटून मळायचं. बदामबर्फीसारखा पाक करायचा नाही, इथेच आपल्या बायका चुकतात. त्यातला तो खास वास कडू बदामाचा असतो. तो वास बाटलीतल्या अर्काने आणा, कच्चे कडू बदाम घालू नका, ते विषारी असतात. तयार हवं असेल तर गोव्यात आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत, बेकऱ्यांत ईस्टरला मार्झिपान होतं, पण ते बहुधा काजूचं. फार छान असतं, ओमाच्या गोळ्यांसारखं मात्र लागणार नाही.

घरात कुणी शाकाहारी असेल तर लेबकुखनमध्ये अंडं आहे हे आधी सांगा. आणि मुलाने आणलेल्या रबरी अस्वलांच्या गोळ्या असतील तर त्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं, तेही सांगा.

राहिल्या आईच्या काळ्या खारट गोळ्या. त्या उत्तर जर्मनीची आवड; दक्षिणेकडच्या जर्मनांनाही त्या सहसा चालत नाहीत, तेव्हा तुम्ही भावंडांनी थुंकल्या तर त्यात काही विशेष नाही. त्यात ज्येष्ठमधाचा अर्क असतो आणि खारटपणा येतो नवसागरामुळे, कल्हईवाला भांड्याला लावायचा तोच. नवसागर २ टक्क्यांहून जास्त असेल तर जर्मनीत आता पाकिटावर 'मोठ्यांसाठी, मुलांसाठी नव्हे' असं छापावं लागतं. म्हणजे आई त्या एकटीच खायची यात तिने तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं, त्या मोठ्यांच्याच गोळ्या. तुम्हाला आज त्या खाऊन बघायच्या असतील तर एखादी जरूर खा, कदाचित आता आवडेलही. मात्र रक्तदाबाचा त्रास असेल तर एकीवर थांबा, ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. आणि ही एक गोष्ट घरी करून बघू नका. बाजारातला नवसागर खाण्याच्या प्रतीचा नसतो. ही गोळी मुलाकडून विकतच मागवा.